मनाजोगे पथ्य

वजन कमी करण्याची पद्धत स्वतःच्या मनाला मानवणारी असावी, असे हल्ली सर्वच जाणकार सांगतात, आणि त्यांच्या या सांगण्याचा आपण पुरेपूर लाभ घेतला पाहिजे. शरीराचे मत विचारण्याचे कारण नाही. ते काट्यावर उभे राहून बोलतच असते. मनाचा कौल ओळखण्याची खूण सोपी आहे: जिचे वर्णन वाचताना भूक लागते, ती पद्धत आपली समजावी.

या बाबतीत महाराष्ट्रात तर मोठीच सोय झालेली आहे. डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगतात की दिवसातून दोनदाच जेवावे, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत आटोपावे आणि ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालावे. ऋजुता दिवेकर सांगतात की थोड्या थोड्या वेळाने खावे, घरचे खावे आणि तुपाला भिऊ नये. काही वर्षांपूर्वी या दोन मतांवरून घराघरांत तट पडले होते, आणि ज्यांनी घाईने एकच बाजू धरली त्यांनी स्वतःचे नुकसान करून घेतले. सुज्ञाने दीक्षितांकडून ती ५५ मिनिटे घ्यावीत, दिवेकरांकडून तूप आणि मधल्या वेळचे खाणे घ्यावे, आणि साडेचार किलोमीटर ज्याचे त्याला साभार परत करावेत. गोड कमी करा, प्रमाणात खा, अशा ओळी दोन्हीकडे आढळतील. त्या बहुधा इतरांसाठी असतात.

मन श्रद्धाळू असेल तर उपवासासारखा मार्ग नाही. रात्री भिजवून मोकळा झालेला साबुदाणा, तुपात तडतडलेले जिरे आणि हिरवी मिरची, बटाट्याच्या फोडी, वरून सढळ हाताने दाण्याचे कूट, आणि शेजारी वाटीभर दही, एवढ्यावर माणूस दुपारपर्यंत निराहार राहू शकतो. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, त्याच्या ग्रॅमला ४ कॅलरी आणि तुपाच्या ग्रॅमला ९, हा हिशेब खिचडी संपल्यावर करावा, म्हणजे व्रतात विघ्न येत नाही. ‘एकादशी, दुप्पट खाशी’ असे हिणवणाऱ्यांना रात्रीची भगर आणि दाण्याची आमटी वाढू नये.

मन आधुनिक असेल तर मनगटावर पट्टा बांधून १०,००० पावले मोजावीत. हा आकडा १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विकायला आलेल्या पावले मोजण्याच्या यंत्राच्या नावातून रूढ झाला, हे कळल्यावर त्याचा धाक उरत नाही, आणि न चाललेली पावले मनाला लागत नाहीत.

पद्धत कोणतीही असो, पहिल्या आठवड्यात काटा एक-दोन किलो खाली येण्याची शक्यता असतेच. शरीरातले साठवणीचे ग्लायकोजेन खर्च होते आणि त्याने धरून ठेवलेले पाणी निघून जाते, इतकेच ते असते. पण कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर काट्याचे छायाचित्र टाकण्याचा मुहूर्त हाच होय. दुसऱ्या आठवड्यात काटा हलेनासा झाला की ही पद्धत आपल्या स्वभावाला जुळत नाही, असे जड अंतःकरणाने जाहीर करावे आणि नवी धरावी. पहिला आठवडा प्रत्येक पद्धतीला असतो. तेवढाच मोजत गेल्यास आपले वजन बारा महिने कमी होत राहते.

एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी, असे सांगून कोणी आहारतज्ज्ञ खाल्ल्याची वही मागू लागला, तर ‘अहो, मी खातच नाही फारसे’ हे उत्तर द्यावे. फक्त ते देण्यापूर्वी तोंडातला घास गिळून घ्यावा.