कोकणातला नवा जोडधंदा: बेस गिटार

कोंबड्या पाळून झाल्या, गांडूळखत झालं, मागच्या पडवीत दोन खोल्या काढून होमस्टेचा बोर्डही लावून झाला. काजूच्या बोंडांचं सरबत केलंत, ते माळ्यावर बाटलीत फसफसून फुटलं आणि वास अजून जात नाही. आता पुढे काय, असा प्रश्न पडला असेल तर माझं ऐका. बेस गिटार घ्या. मी अठरा वर्षं कुडाळ-वेंगुर्ले पट्ट्यात हा जोडधंदा करतोय आणि माझं उत्तम चाललंय. माझं हार्डवेअरचं दुकान आहे.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. तुम्ही काय वाजवता ते कोणाला कळणार नाही. आपल्याकडे बेस म्हणजे गाडीच्या डिकीत असतो तो. "मी बेस वाजवतो" म्हटलंत की समोरचा आदराने विचारतो, "किती वॅटचा?" गिटार दाखवलीत तर तारा मोजतो. माझे सख्खे काका दर गणपतीला विचारतात, "हेका चारच? बाकीच्यो दोन तुटल्यो काय रे?" पहिली दोन वर्षं मी समजावलं, की काका, ही वेगळी, हिचे सूर साध्या गिटारीच्या एक सप्तक खाली. तिसऱ्या वर्षापासून "होय, तुटल्यो" म्हणतो. काकांना बरं वाटतं. "कुडाळाक गेलंस तर हाडून घाल," म्हणून सांगतात.

हे वाद्य आपणहून कोणी निवडत नाही, हेही मनाला लावून घेऊ नका. वाडीतल्या ऑर्केस्ट्रात तीन पोरं गिटार घेऊन येतात, त्यातलं जे तालमीला उशिरा पोचतं त्याच्या गळ्यात बेस पडते. बीटल्सच्या पॉल मॅकार्टनीचंही १९६१ साली हेच झालं. आधीचा बेसवाला हँबर्गला राहिला आणि बाकी कोणी घ्यायला तयार नव्हतं. फरक इतकाच, की त्याचं पुढे बरं झालं.

वाहतुकीच्या दृष्टीने मात्र तुमचं नशीब थोर. १९५१ साली लिओ फेंडर नावाच्या अमेरिकन गृहस्थाने प्रिसिजन बेस बाजारात आणली, तोवर हे काम डबल बेस, म्हणजे व्हायोलिनचा थोरला भाऊबंद, करायचा. तो उभा केला की माणसापेक्षा उंच. आपली बेस पिशवीत घालून एस.टी.च्या मागच्या सीटवर आडवी ठेवता येते. कंडक्टर पिशवीकडे बघून विचारेल, "बंदूक काय?" नाही म्हणा, म्हणजे लगेजचं तिकीट फाडेल. हो म्हटलं तर काय होतं ते मी करून पाहिलेलं नाही.

आता पावसाचं बोलू, कारण कोकणात बेस ठेवायची म्हणजे चार महिने आजाऱ्याची सेवा. मान लाकडाची असते आणि लाकूड हवेतलं पाणी पितं. मृग लागला की ती वाकायला सुरुवात होते, नागपंचमीपर्यंत तारा फ्रेटपासून, म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांपासून, इतक्या वर येतात की खालून मांजराचं पिल्लू जाईल. मग मानेतल्या सळीला अ‍ॅलन की लावून पाव फेरा द्यायचा, एक दिवस थांबायचं, पुन्हा बघायचं. आमच्यातल्या एकाने घाईत दीड फेरा दिला. "कट" असा आवाज आला. त्या मानेची आता त्याच्या न्हाणीघरात टॉवेल टांगायची दांडी झाली आहे. आमच्या घरी कपाटात बुरशी येऊ नये म्हणून छोटा बल्ब जळत असतो. बायकोचे शालू एका बाजूला, माझी बेस दुसऱ्या बाजूला. कोणाला जास्त ऊब मिळते यावर दर श्रावणात चर्चा होते.

तारांना खाऱ्या वाऱ्याने गंज चढतो. घाबरू नका. जेम्स जेमर्सन हा डेट्रॉइटचा थोर वादक उजव्या हाताच्या एकाच बोटाने वाजवायचा आणि तार तुटल्याशिवाय बदलायचा नाही. त्या जुन्या, मेलेल्या तारांच्या गुबगुबीत आवाजासाठी जगभरचे लोक पैसे मोजून सपाट गुंडाळीच्या तारा घेतात. तोच मेलेला आवाज आपल्याला आषाढात फुकट मिळतो. आणि नवीन आवाज हवाच असेल तर तारा उकळाव्यात. थट्टा नाही, खरोखर उकळतात. खोबणींतला घाम, मळ निघतो आणि आठ-दहा दिवस तार पुन्हा झणझणते. मी हा प्रयोग पेजेच्या टोपात केला. पाण्यावर करड्या रंगाचा तवंग आला, लोखंडाचा आणि माझ्या बोटांचा मिळून एक वास सुटला. आई चुलीपाशी आली, टोपात डोकावली, वेटोळं घालून बसलेल्या चार तारा बघितल्या आणि काही न बोलता परत गेली. त्या टोपात आता कोंबड्यांना पाणी ठेवतात. सेटची किंमत दोन हजारांच्या घरात जाते, टोप अडीचशेचा होता. हिशेबाने मी फायद्यातच.

वाजवायची शैली कोणती, हे तुम्हाला दुसरे बेसवाले सांगतील. तीन बेसवाले एका ठिकाणी भेटले तर समजा की तिघांनाही त्या दिवशी काम नाही. आम्ही कुडाळला स्टँडसमोर चहाला बसतो. सावंतवाडीवाला अंगठ्याने तार आपटतो, मालवणवाला पिक, म्हणजे तार छेडायची चकती, धरतो, मी दोन बोटांनी. या विषयावर आमची आठ वर्षं बोलणी चालू आहेत आणि चहाचे पैसे कायम माझ्याकडून जातात.

सावंतवाडीवाल्याला मी एकदाच निरुत्तर केलं. तार आपटायची रीत ज्याने रूढ केली तो लॅरी ग्रॅहम आईबरोबर कार्यक्रम करायचा, आणि त्यांच्याकडे ड्रमवाला नव्हता. म्हणून तो अंगठ्याने ड्रमचा ठोका काढायचा आणि बोटाने तार ओढून दुसरा. पोटासाठी काढलेली युक्ती ती. आपल्याकडे एका गायकामागे ढोलकी, ऑक्टोपॅड, पखवाज आणि हौसेने आलेला एक ताशा असतो. त्यात हा बाबा बेस आपटतो. मी म्हटलं, "मेल्या, हयसर ठोको कमी पडता काय?" तो चहा गार होईपर्यंत बोलला नाही.

मालवणवाल्याची गोष्ट वेगळी. जॅको पास्टोरियस या नामांकित बेसवाल्याच्या बेसला फ्रेट नव्हते, खाचा बुजवून वर इपॉक्सीचा थर दिलेला होता, हे त्याने कुठेतरी वाचलं. आपल्या गिटारीचे फ्रेट त्याने पकडीने उपटले आणि माझ्याच दुकानातून एम-सील नेलं. उधारीवर. पास्टोरियसचं बोट जिथे पडायचं तिथे सूर असायचा. आमच्याचं बोट मालवणात पडतं, सूर देवबागला लागतो. पण "फ्रेटलेस वाजवतो" म्हणताना त्याचा चेहरा जो उजळतो, तो बघण्यासारखा असतो.

आता मिळकत. लोक लाजतात, पण जोडधंदा म्हटला की मोकळेपणाने बोलावं. आपल्या भागात संगीताला मरण नाही. दशावतार रात्रभर चालतो, तिथे पेटी, पखवाज, झांज. डबलबारीला दोन बुवा समोरासमोर बसतात, तिथेही तेच. रत्नागिरीकडे जाखडी आणि नमन, तिथे ढोलकी-मृदुंग. थोडक्यात, जिथे गर्दी आहे तिथे आपलं काम नाही, त्यामुळे जागरण वाचतं. उरतात गणपतीतले ऑर्केस्ट्रे, ख्रिश्चन लग्नं, तारकर्लीची हॉटेलं आणि सीमेपलीकडचा गोवा. गोव्यात बेसवाल्याला मान आहे. अडचण अशी, की गोव्यात बेसवालेही आहेत.

आणि या प्रत्येक ठिकाणी तुमच्याआधी एक माणूस पोचलेला असतो: कीबोर्डवाल्याचा डावा हात. बेसचे खालचे सूर तोच वाजवतो. हा हात जेवत नाही, भाडं मागत नाही, त्याला वेगळी खुर्ची लागत नाही. मंडळाचे अध्यक्ष बजेट काढताना तुमच्या नावावर पेन टेकवतात, कीबोर्डवाल्याकडे बघतात आणि तो नुसता डावा हात वर करून दाखवतो. मी यावर खूप विचार केला. शेवटी मुलीला कीबोर्डच्या क्लासला घातलं.

काम मिळालंच तर घाबरून जाऊ नका, खर्चाची बाजू तुम्हाला जमिनीवर ठेवते. मागच्या वर्षी एका मंडळाने मला बाराशे रुपये, शाल आणि नारळ दिला. रिक्षाला चारशे गेले, अ‍ॅम्पचा फ्यूज उडाला, आणि परतताना रिक्षावाल्याने नारळ ठेवून घेतला. शाल चांगली आहे. माझ्याकडे आता एकोणीस आहेत.

त्याच कार्यक्रमात मध्यंतरानंतर माझ्या केबलचं सोल्डर सुटलं. मला तिसऱ्या गाण्यात कळलं, कारण माझ्याकडे बघून मान डोलवणारा एक इसम तसाच डोलवत होता, पण पायाखालची फळी थरथरायची थांबली होती. मी उरलेली सात गाणी मन लावून वाजवली, एकही स्वर चुकला नाही. खाली उतरल्यावर साऊंडवाल्याने खांद्यावर हात ठेवला. "आज बॅलन्स बेस्ट होता," म्हणाला. तेव्हापासून केबल लावणं मी ऐच्छिक मानतो.

कार्यक्रमांतून वेळ उरेल, भरपूर उरेल, तो रेकॉर्डिंगला द्या. इथे बेसवाल्यासारखा भाग्यवान कोणी नाही. पत्र्यावर पाऊस कोसळत असताना गायकाला हात जोडून बसावं लागतं, तबल्याचा माइक पागोळ्यांसकट सगळं टिपतो. आपली वायर गिटारीतून थेट इंटरफेसमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरला जोडलेल्या पेटीत. बाहेर ढगफुटी होवो, आत थेंब येत नाही. फक्त वीज हवी. ती असते, नसते, आणि असते तेव्हा स्वतःही गाते. घरात अर्थिंग धड नसेल तर स्पीकरमधून ५० हर्ट्झची घुंई येते. बेसच्या सर्वांत जाड तारेवर तिसऱ्या घरात जो स्वर आहे तो ४९ हर्ट्झचा जी. म्हणजे वीजमंडळींनी तुम्हाला जीचा तानपुरा लावून दिलाय, थोडा चढा, पण फुकट. मी आधी अंगणातल्या अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-कोळसा घातला, बायकोने आठवडाभर पाणी ओतलं, घुंई हलली नाही. मग मी गाणीच जीमध्ये बसवायला सुरुवात केली. गायक म्हणतो सूर झेपत नाही. त्याला म्हटलं, घरची वायरिंग बदल, मग तुझ्या पट्टीत वाजवतो.

रेकॉर्डिंग झालं की गाणं सगळे मोबाइलवर ऐकतील. बेसच्या खालच्या तारेचा स्वर ४१ हर्ट्झचा. मोबाइलच्या इवल्याशा स्पीकरला तो काढता येत नाही. वरचे उपस्वर तेवढे बाहेर पडतात आणि खालचा मूळ स्वर ऐकणाऱ्याचा मेंदू आपल्या मनाने भरून काढतो. विचार करा, वाजवणार तुम्ही, ऐकल्याचं काम मेंदू करणार, आणि मेहुणा म्हणणार, "गाणा बरा झाला, पण तू खंय आसस?"

पैशाचं म्हणाल तर स्ट्रीमिंग आहे. स्पॉटिफायचा २०२४ पासूनचा नियम असा, की मागच्या बारा महिन्यांत गाणं किमान १,००० वेळा ऐकलं गेलं नसेल तर त्याची रॉयल्टी नाही. आमच्या आरतीचा आकडा ६१२ आहे. त्यातले चारशे माझे, दुकानात गिऱ्हाईक नसताना. २०१२ साली कॉपीराइट कायदा सुधारला, गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा पक्का झाला, वादकांच्या हक्कांचीही त्यात दखल आहे. पण संगीतकार कोण, ते बघा. स्टुडिओत तो मला म्हणतो, "सी आहे, मग ए मायनर. तू काहीतरी वाजव." ते काहीतरी मी रात्री दोनपर्यंत बसून शोधतो. गाण्यावर त्याचं नाव, माझं "सौजन्य: हार्डवेअर". तक्रार नाही. जेमर्सनने साठच्या दशकात ढीगभर गाजलेली गाणी वाजवली, रेकॉर्डवर वादकांची नावं नसायची. १९७१ साली मार्विन गे या गायकाच्या अल्बमवर त्याचं नाव छापलं गेलं. माझंही दुकानाच्या पाटीवर आहेच.

तर मग या धंद्यात पैसा फिरतो कुठे? एकमेकांत. चार वर्षांपूर्वी मी पाच तारांची बेस घेतली. पाचवी तार खालचा बी देते, ३१ हर्ट्झ. तो स्वर आमच्या साऊंडवाल्याच्या पेटीतून कधी बाहेर आला नाही, एकदा नुसता शेजारचा स्टीलचा डबा वाजला. ती मी तोट्यात सावंतवाडीवाल्याला विकली. त्याच्या अंगठ्याला पाच तारा म्हणजे गर्दी झाली, त्याने मालवणवाल्याला दिली. मालवणवाला पकडी शोधायला लागला तेव्हा मी धावत जाऊन, एम-सीलची उधारी वळती करून, ती परत आणली.

सध्या ती आमच्या कपाटात आहे, शालूंच्या बाजूला. मान सरळ, फ्रेट सगळे जाग्यावर, पिशवी आणि सिलिका जेलच्या पुड्या सोबत देईन. पाचवी तार तर कोरी आहे, तिला कोणी हातच लावलेला नाही. रविवारी सकाळी दुकान उघडं असतं. येताना रोख आणा, आणि बायको काउंटरवर असेल तर सिमेंट घ्यायला आलोय असं सांगा.