डोक्यावर पाच मिनिटं

कोंडा हा आजार रोग्याच्या आधी त्याच्या मागे उभ्या असलेल्या माणसाला कळतो. ताप आपल्याला सांगावा लागतो, पोटदुखीचं तोंड वाकडं करून दाखवावं लागतं; कोंडा नेव्ही ब्ल्यू शर्टाच्या खांद्यावर स्वतःच जाहीर होतो. सकाळच्या डोंबिवली लोकलमध्ये तर प्रत्येकाचं नाक दुसऱ्याच्या खांद्यापासून वीतभरावर असतं. माझ्यामागच्या अनोळखी गृहस्थांनी एकदा माझा खांदा मायेने झटकला आणि ठाण्याला उतरून गेले. आभार मानावेत की वाईट वाटून घ्यावं, हे ठरवेपर्यंत मुलुंड आलं.

खाज मात्र आपली आपल्यालाच. आणि ती वेळ बघून येते. मीटिंगमध्ये साहेब आकडे सांगत असताना मी डोकं खाजवतो, तेव्हा मला हिशोब समजलेला नाही असा त्यांचा समज होतो. तो खरा असतो, पण खाजेशी त्याचा संबंध नसतो.

उपाय सांगणाऱ्यांना तोटा नाही. ऑफिसातल्या जोशींनी कांद्याचा रस सांगितला, शेजारच्या काकूंनी आंबट दही, मेहुण्याने लिंबू पिळायला सांगितलं. सगळ्यांचं ऐकलं असतं तर डोक्याच्या कोशिंबिरीत नुसतं मीठ घालायचं बाकी राहिलं असतं. आईचं निदान पूर्वीपासून ठरलेलं आहे: "तेल लावत नाहीस, म्हणून कातडं कोरडं पडतं." उपाय, कापूर घालून कोमट केलेलं खोबरेल तेल. गुडघेदुखीपासून परीक्षेतल्या मार्कांपर्यंत आईच्या सगळ्या औषधांत खोबरेल तेल असतंच.

शेवटी मेडिकलमध्ये गेलो. आवाज खाली घेऊन म्हणालो, "जरा शाम्पू दाखवा... औषधी." काउंटरवरचा पोरगा आतल्या माणसाला ओरडला, "कोंड्याचं काय काय आहे रे?" रांगेतल्या सगळ्यांनी माझ्या डोक्याकडे पाहिलं. आजींच्या बीपीच्या गोळ्या बाजूला सारून त्याने बाटल्यांची फलटण मांडली. किटोकोनॅझोल, सेलेनियम सल्फाइड, सायक्लोपिरॉक्स, सॅलिसिलिक ॲसिड, कोल टार. बाटली तळहाताएवढी, किंमत घरभर पुरणाऱ्या शाम्पूची, आणि अक्षरं मुंगीलाही चष्मा लागेल इतकी बारीक.

कोल टारचं झाकण उघडून हुंगलं. रस्त्यावर डांबर टाकताना येतो तोच वास. तो लावून ऑफिसला गेलो असतो तर लोकांनी खड्ड्यांबद्दल माझ्याकडे तक्रारी केल्या असत्या. सॅलिसिलिक ॲसिड म्हणे खपल्या सैल करतं. सेलेनियमच्या कागदावर लिहिलं होतं, वापरण्यापूर्वी दागिने काढून ठेवा. माझ्या बोटात पुष्कराज आहे आणि तो अंघोळीलासुद्धा काढायचा नाही, अशी ज्योतिषीबुवांची सक्त ताकीद आहे. गुरू सांभाळावा की टाळू? मी बाटली परत ठेवली. जाहिरातीतला झिंक पायरिथिऑनचा शाम्पू घरी होताच. युरोपीय संघाने २०२२ पासून सौंदर्यप्रसाधनांत त्या रसायनाला बंदी घातली आहे, ही माहिती पोराने फुकट दिली. त्याच दमात त्याच शाम्पूवर एकावर एक फ्री असल्याचंही सांगितलं.

मग त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी भिंगातून पाहिलं, कोपर-गुडघे तपासले. जाड चंदेरी खपल्या असत्या, त्या केसांच्या रेषेबाहेर कपाळावर उतरल्या असत्या, तर सोरायसिसची शंका घ्यावी लागली असती. तसं काही नव्हतं. "तेल लावता?" त्यांनी विचारलं. आईच्या समाधानासाठी रविवारी लावतो म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "म्हणजे त्याला जेवायला वाढता." हा 'तो' म्हणजे मॅलॅसेझिया. १८७४ मध्ये लुई-शार्ल मालासे या फ्रेंच माणसाने कोंड्यात पाहिलेली बुरशी. ती जवळजवळ सगळ्यांच्या डोक्यावर राहते. तिला स्वतःची स्निग्धाम्लं बनवता येत नाहीत, म्हणून ती आपल्या त्वचेच्या तेलावर जगते. त्यातून जे आम्ल उरतं ते काहींच्या टाळूला सोसत नाही, आणि टाळू खपल्या टाकू लागते. म्हणजे माझं डोकं कोरडं नव्हतंच, तिथे पंगत बसली होती. चिठ्ठीवर या बुरशीवरचा शाम्पू लिहिला: किटोकोनॅझोल दोन टक्के, आठवड्यातून दोनदा, चार आठवडे. पुढे अधूनमधून. आणि खाली रेघ मारून, 'पाच मिनिटं ठेवून धुणे'.

खरी परीक्षा ही रेघ. जाहिरातीतली बाई केस झटकून तीन सेकंदांत मोकळी होते. मला बाथरूममध्ये ओलं, नागडं आणि डोळे मिटून पाच मिनिटं उभं राहायचं असतं. घड्याळ बघता येत नाही, फोन धरता येत नाही, पंखा नाही तरी थंडी वाजते. आमच्या सोसायटीत पाणी जायची वेळ आणि माझा फेस यांचा योग ज्योतिषीबुवांनाही टाळता आलेला नाही. वेळ मोजायला पाढे म्हणू लागलो. एकोणतीसच्या पाढ्यात अडलो, डोकं खाजवायला गेलो आणि फेस डोळ्यात. बाहेरून बायको, "अरे, झोपलास का आत?" तिला पाच मिनिटांचं शास्त्र सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात फेस तोंडात. औषध कडू होतं, एवढं नक्की.

पण कोंडा कमी झाला, हे मान्य करायला हवं. आईने ते मान्य केलं नाही. नरकचतुर्दशीच्या पहाटे ती तेलाची वाटी घेऊन पाटापाशी हजर. "आई, डॉक्टरांनी डोक्याला तेल बंद केलंय." "अरे, शास्त्रापुरतं." शास्त्रापुरतं म्हणजे ओंजळभर, हे कानामागून ओघळ उतरल्यावर समजलं. उटण्याशेजारी माझी लाल बाटली ठेवली होती. बाबांनी ती उचलली, चष्मा वर करून सगळी बारीक अक्षरं वाचली आणि म्हणाले, "मलाही हल्ली खाजतं जरा." बाबांच्या डोक्यावर कानांच्या वर दोन पट्ट्या सोडल्या तर लावायला जागाच जागा आहे. रेल्वेतून रिटायर झालेला माणूस, वेळेचा पक्का. ते हातघड्याळ घेऊन आत गेले. बाहेर मी तेलात निथळत, बायको टॉवेल घेऊन, पोरं फटाक्यांसाठी दार वाजवतायत, आणि आतून शांत आवाज: "अजून तीन मिनिटं चाळीस सेकंद."