लिनक्स आहे म्हणून अपडेट बंद करू नका

‘लिनक्स टाका आणि निश्चिंत राहा. व्हायरस येत नाही. रूटचा पासवर्ड नसेल तर साधा युजर सिस्टिमला हात लावू शकत नाही. सोर्स कोड उघडा असल्याने चूक लपत नाही. म्हणून अपडेट बंद ठेवा, डेटा वाचवा.’ हा मेसेज ग्रुपाग्रुपांतून फिरतोय. (रूट म्हणजे सिस्टिमचे सगळे अधिकार असलेलं खातं.) माझी आत्येबहीण कॉम्प्युटरचा क्लास चालवते. तिने तो वाचून लॅबमधल्या सगळ्या उबंटू (लिनक्सचाच एक प्रकार) मशीनवरचे ऑटो अपडेट बंद केले, म्हणून हे लिहितोय.

पासवर्डचा मुद्दा आधी घेतो, कारण सगळा मेसेज त्यावरच उभा आहे आणि तोच सगळ्यात खोटा आहे. लिनक्सवर पॉल्किट नावाचं पॅकेज असतं, त्यात ‘पीकेएक्झेक’ ही कमांड. ती सेटयूआयडी आहे, म्हणजे कोणीही चालवली तरी चालते रूटच्या अधिकाराने. समोरच्याला परवानगी द्यायची की नाही हे ती स्वतः तपासते. २५ जानेवारी २०२२ रोजी क्वालिस या सायबर सुरक्षा कंपनीने तिच्यातलं भोक जाहीर केलं. नाव पॉनकिट, सुरक्षेतल्या चुकांच्या जाहीर यादीतली नोंद सीव्हीई-२०२१-४०३४.

प्रत्येक प्रोग्रॅमला सुरू होताना आर्ग्युमेंटची, म्हणजे त्याला दिलेल्या शब्दांची यादी मिळते, तिच्यात पहिलं त्याचं स्वतःचं नाव. ही यादी मुद्दाम पूर्ण रिकामी दिली, तरी पीकेएक्झेक पुढची जागा वाचायचं. तिथे असतात एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल, म्हणजे प्रोग्रॅमला बाहेरून मिळणारी सेटिंग. त्यालाच प्रोग्रॅमचं नाव समजून ते त्याचा पूर्ण पाथ शोधायचं आणि त्याच जागी परत लिहायचं. सेटयूआयडी प्रोग्रॅम सुरू होण्याआधी सिस्टिम जे धोकादायक व्हेरिएबल काढून टाकते, ते या वाटेने परत आत येतात आणि त्यांच्यामार्फत हल्लेखोराचा कोड रूट म्हणून चालतो. पासवर्ड कुठेही विचारला जात नाही. उबंटू, डेबियन, फेडोरा, सेंटओएस या लिनक्सच्या प्रकारांच्या डिफॉल्ट इन्स्टॉलवर क्वालिसने पूर्ण रूट मिळवून पाहिलं. लॅबमध्ये तर प्रत्येक विद्यार्थ्याकडे लॉगिन असतं. या भोकासाठी तेवढंच लागतं!

‘चूक लपत नाही’? हेच भोक मे २००९ च्या पहिल्या आवृत्तीपासून होतं, बारा वर्षांहून जास्त. रिकाम्या यादीवर पीकेएक्झेक विचित्र वागतं हे रायन मॅलन या प्रोग्रॅमरने २०१३ मध्येच लिहिलं होतं, तरी ते राहिलं. सुडो या रूटच्या अधिकाराने कमांड चालवणाऱ्या प्रोग्रॅममधली बॅरन समेडिट ही चूक २०११ पासून २०२१ पर्यंत टिकली, कर्नलमधली, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातली डर्टी काऊ २००७ पासून २०१६ पर्यंत.

व्हायरसबद्दल अर्धं मान्य करावं लागेल. डेस्कटॉप लिनक्सवर विंडोजच्या मानाने मालवेअर कमी असतो. पॉनकिट वापरून थेट इंटरनेटवरून घुसता येत नाही, हेही खरं. आधी साध्या युजरइतका तरी शिरकाव लागतो. पण तो कमकुवत पासवर्डने होतो, वेबसाइटच्या जुन्या प्लगइनमधून होतो. अँड्रॉइडचं कर्नलही लिनक्सच आहे. सप्टेंबर २०१७ मध्ये ट्रेंड मायक्रो या सुरक्षा कंपनीने झेडएनआययू हा मालवेअर उघड केला. तो १,२०० हून जास्त अ‍ॅपमध्ये सापडला, डर्टी काऊ वापरून फोनचं रूट घ्यायचा आणि त्याचे बहुतेक बळी चीन आणि भारतातले होते. मेसेज लिहिणाऱ्याने हे तरी वाचायचं होतं.

इंटरनेट डेटा वाचवण्याचं म्हणाल, तर या भोकाची दुरुस्ती एका छोट्या पॅकेजमध्ये आली.

ताईला सांगितलंय: ऑटो अपडेट आजच सुरू कर. कर्नलचं अपडेट आलं की मशीन रीस्टार्ट कर, नाहीतर नवं इन्स्टॉल होऊनही चालू राहतं जुनंच. एखादं जुनं मशीन लगेच अपडेट होत नसेल, तर पीकेएक्झेकचा सेटयूआयडी बिट काढून टाक. हा तात्पुरता उपाय क्वालिसनेच दिलाय. आणि ज्या उबंटूचा सपोर्ट संपलाय, ते मशीन नवी आवृत्ती टाकेपर्यंत मुलांना देऊ नकोस.