‘भावनांचे थर्मल फोटो’ कॅमेऱ्याने काढलेले नाहीत

रागात छाती-डोकं लालभडक, दुःखात हातपाय निळे, अशी माणसांच्या आकृत्यांची रांग पुन्हा व्हॉट्सअॅपवर फिरते आहे. खाली ओळ: ‘थर्मल कॅमेऱ्याने टिपलेलं भावनांचं तापमान’. ही ओळ चूक आहे.

ती चित्रं फिनलंडचे संशोधक लाउरी नुम्मेनमा आणि सहकाऱ्यांच्या २०१३ च्या अभ्यासातली. ७०१ जणांना कोऱ्या आकृत्या दिल्या आणि अमुक भावना आली की अंगात कुठे जोर वाढल्यासारखा वाटतो, कुठे मंदावल्यासारखा, ते रंगवायला सांगितलं. म्हणजे रंग जाणिवेचे आहेत, तापमानाचे नाहीत. अभ्यास चांगलाच आहे, म्हणून तर त्याच्या नावावर भलतं खपवलेलं बघवत नाही.

भावनांनी शरीरात होणाऱ्या बदलांची प्रत्यक्ष मोजणी १९८३ मध्ये अमेरिकी मानसशास्त्रज्ञ पॉल एकमन वगैरेंनी केली. राग आणि भीती दोन्हींत हृदयाचे ठोके वाढले, पण बोटं रागात जास्त तापली. पुढच्या प्रयोगांत मात्र प्रत्येक भावनेचा असा ठरलेला ठसा दर वेळी सापडला नाही. परीक्षेच्या वर्गाबाहेर मुलाचा हात धरून बघा: गार आणि ओलसर. स्वायत्त मज्जासंस्था, म्हणजे आपल्या इच्छेशिवाय आपोआप चालणारी मज्जासंस्था, त्वचेतल्या रक्तवाहिन्या आवळते, घाम सोडते. याउलट रक्त काढताना सुई बघून घेरी येणाऱ्याचे ठोके मंदावतात, रक्तदाब घसरतो. भीती दोघांनाही वाटते.

त्या रांगेतली नैराश्याची निळी आकृती बघून कुणी स्वतःचं निदान करत असेल, तर कृपा करून थांबा आणि डॉक्टरांशी बोला.