किल्ली सेक्रेटरींकडे आहे

आपत्काळात नागरिकांनी स्वावलंबी असावे, असे हल्ली सगळीकडून सांगितले जाते. पावसाळा तोंडावर आला की सूचनांची पत्रके निघतात आणि त्या सगळ्यांचे सार एकच असते: आमची वाट पाहू नका. गेल्या मंगळवारी रात्री मी या स्वावलंबनाचा पाऊण तास अनुभव घेतला असल्याने त्याविषयी चार तत्त्वे सांगण्याचा अधिकार मला आपोआप प्राप्त झाला आहे. पुण्यात याहून कमी भांडवलावर लोक व्याख्यानमाला गाजवतात.

पहिले तत्त्व जागेच्या वापराचे. शहरात जागेला सोन्याचा भाव असताना मीटरची खोली केवळ मीटरसाठी राखून ठेवणे ही शुद्ध उधळपट्टी होय, आणि आमच्या सात मजली इमारतीतील अठ्ठावीस कुटुंबांनी ती केव्हाच थांबवली आहे. तळमजल्यावरच्या त्या चिंचोळ्या खोलीत मीटर तर आहेतच, शिवाय हवा गेलेल्या दोन सायकली, रंगाचे अर्धवट संपलेले डबे, थिनरची एक बाटली, रद्दीचे गठ्ठे आणि सोसायटीच्या गणपतीचे थर्माकोलचे भलेमोठे मखर आहे. २०१८ मध्ये राज्यात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली. तेव्हापासून ते मखर वापरता येत नाही, आणि ते केवढ्याला पडले होते हे आठवून कुणाला टाकवतही नाही. इमारतीचा मुख्य स्विच या मखराच्या बरोबर मागे आहे. म्हणजे वीज तोडण्याची वेळ आलीच, तर आधी गणरायाचे सिंहासन हलवावे लागते.

दुसरे तत्त्व असे की धूर दिसल्यास सर्वप्रथम सोसायटीच्या ग्रुपवर चौकशी करावी. रात्री साडेदहाच्या सुमारास पाचव्या मजल्यावरच्या आमच्या घरात रबर जळल्यासारखा वास आला, म्हणून मी फोन उघडला, तर तिथे आधीपासूनच चर्चा रंगलेली होती. ‘कुणाकडे काही करपलंय का?’ ‘आमच्याकडे नाही.’ ‘आमच्याकडेही नाही.’ ‘बाहेर कुणीतरी कचरा जाळत असेल.’ बाहेर पाऊस धो धो कोसळत होता; अशा पावसात कचरा पेटवून दाखवणाऱ्या माणसाचा खरे तर सत्कार व्हायला हवा. अकरा घरांनी आपल्याकडे काही जळत नसल्याचे अभिमानाने कळवले, एकाने कमळाच्या चित्रासह शुभ रात्री म्हटले, आणि १०१ किंवा ११२ या क्रमांकावर फोन मात्र कुणीही केला नव्हता. तो मी केला. पलीकडच्या माणसाने शांतपणे पत्ता, मजले आणि जवळची खूण विचारून घेतली. या सगळ्याला मिनिटभरही लागले नाही.

तिसरे तत्त्व: आग लागली असता लिफ्टनेच खाली जावे. ‘आगीच्या वेळी लिफ्ट वापरू नये’ अशी पाटी आमच्या लिफ्टशेजारी ठळक अक्षरांत लावलेली आहे. परंतु पाट्या लिहिणे हे पुणेकरांचे काम असून त्या वाचणे हे बाहेरगावच्यांचे आहे.

टॉर्च घरात अवश्य ठेवावा. त्यातले सेल टीव्हीच्या रिमोटमध्ये ठेवावेत.

आता मुख्य तत्त्वाकडे येतो. अग्निशामक सिलिंडर ही मौल्यवान वस्तू असून ती चोरीला जाण्याची शक्यता आग लागण्याच्या शक्यतेपेक्षा कितीतरी अधिक असते, हे प्रत्येक सोसायटीने ध्यानात घ्यावे. आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर असे सिलिंडर पूर्वी भिंतीला टांगलेले असे. तीन वर्षांपूर्वी सर्वसाधारण सभेत, पार्किंगच्या पट्ट्यांवरून दोन तास आणि सिलिंडरवरून दोन मिनिटे चर्चा होऊन, ते काचेच्या कपाटात ठेवून कपाटाला कुलूप लावण्याचा ठराव एकमताने संमत झाला. (एकमताने म्हणजे मीही हात वर केला होता.) मी पाच मजले उतरून खाली पोहोचलो, तेव्हा मीटरच्या खोलीच्या दारातून काळा धूर गोळ्यागोळ्यांनी बाहेर पडत होता, आतून फटाफट आवाज येत होते, आणि आमचा वॉचमन पाण्याची बादली घेऊन धावत येत होता. विजेच्या आगीवर पाणी टाकणे म्हणजे स्वतःलाच तारेला जोडून घेणे, हे त्याला कुणी कधी सांगितले नव्हते. त्याला फक्त गाड्या धुवायला आणि पार्सले घ्यायला सांगितले गेले होते. मी ओरडून त्याला थांबवले आणि सिलिंडर मागितले. त्यावर तो म्हणाला, “काका, किल्ली सेक्रेटरींकडे आहे.” सेक्रेटरी मुलीकडे बाणेरला गेलेले होते. त्यांना फोन लावला, तर त्यांनी प्रथम मला धीर दिला, नंतर मीटरच्या खोलीत सामान ठेवू नये असे आपण किती वेळा सांगितले होते याची आठवण करून दिली, आणि शेवटी किल्ली घरातल्या टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये असून घराला कुलूप असल्याचे सांगितले. मग वॉचमनने विटेने काच फोडली. आतल्या सिलिंडरच्या दाब दाखवणाऱ्या घड्याळातला काटा हिरव्या पट्ट्यात असायला हवा. तो लाल पट्ट्यात आडवा पडलेला होता. पुन्हा भरण्याची तारीख होती मार्च २०१९. मी पिन ओढली आणि दांडी दाबली. नळीतून चिमूटभर पांढरी पावडर माझ्या चपलांवर पडली. आमची अग्निसुरक्षा तेवढीच होती.

महाराष्ट्रात आग प्रतिबंधासाठी २००६ चा अधिनियम आहे. त्यानुसार इमारतीतील यंत्रणा चालू स्थितीत ठेवण्याची जबाबदारी मालकावर किंवा भोगवटादारावर, म्हणजे तुमच्या-आमच्यावरच टाकलेली आहे, आणि परवानाधारक एजन्सीचे प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, सादर करायचे असते. आमच्याकडे तशी प्रमाणपत्रे आहेत. सगळी आहेत. एका फायलीत तारीखवार लावलेली आहेत. फाईल कुठे असेल हे आपण ओळखले असेलच: टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये.

प्रथमोपचाराच्या पेटीत एक उरलेली क्रोसिन, २०२१ साली उघडलेले डोळ्यांचे थेंब आणि एक सेफ्टी पिन एवढे पुरेसे आहे.

गच्चीचे दार बंद ठेवावे, कारण मुले वर जाऊन सिगारेट ओढतात. जिन्यात धूर भरल्यावर वरच्या मजल्यावरचे लोक वर पळतात आणि बंद दाराशी जाऊन कोंडतात, ही गोष्ट त्या मानाने किरकोळ आहे. आगीत होरपळून मरण्याआधी माणूस धुराने गुदमरतो, धूर वर चढतो म्हणून ओले फडके नाकाशी धरून खाली वाकून चालावे, आणि जिना धुराने भरलेला असेल तर घरातच थांबून दाराच्या फटी ओल्या चादरीने बुजवून खिडकीत उभे राहावे, हे शाळेतल्या मुलाला ठाऊक असते. सातव्या मजल्यावरची तीन कुटुंबे त्या रात्री गच्चीच्या कुलपाशी उभी होती.

माझी आई ७६ वर्षांची आहे आणि वॉकर घेऊन चालते. तिला मी वरच ठेवले होते, दार लावून, गॅलरीत खुर्ची देऊन. तिने खूप शांतपणे घेतले. कारण १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटले तेव्हा ती बारा वर्षांची होती आणि नारायण पेठेत राहत होती. पानशेत गेले, पाठोपाठ खडकवासला गेले, आणि पाणी पेठांमध्ये शिरले. तिची आठवण सांगते ती एवढीच, की शेजारच्या बिऱ्हाडातले काका प्रत्येक दार बडवत गेले आणि खोलीतल्या आजारी म्हातारीला पाठुंगळी मारून उंचावर घेऊन गेले. तेव्हा ग्रुप नव्हते, म्हणून लोकांना असे दार वाजवत हिंडावे लागे. फारच गैरसोयीचा काळ होता.

आता आपण पुष्कळ पुढे आलो आहोत. धरणातून पाणी सोडल्याचा संदेश आला, की आपण नदीपात्रातली गाडी काढण्याआधी भिडे पुलावर फोटो काढायला जातो. पूल पाण्याखाली गेला की पूर सुरू झाला, एवढेच आपले जलशास्त्र. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याने भिंती पाडून माणसे नेली, २५ जुलै २०२४ च्या पहाटे सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत लोकांना जाग आली तीच पाण्यात, तरीही ओढ्याच्या काठावरच्या फ्लॅटच्या जाहिरातीत ‘निसर्गाच्या सान्निध्यात’ असे लिहिलेले वाचून आपण साइट बघायला जातो. धोक्याच्या सूचनेची चाचणी म्हणून २०२३ मध्ये सरकारने सगळ्यांचे मोबाइल एकदम किंचाळवले, तेव्हा आमच्या मजल्यावर सर्वांत जास्त विचारला गेलेला प्रश्न, हा आवाज सेटिंगमध्ये जाऊन कायमचा बंद कसा करायचा, हा होता.

आणि कुणी म्हणेल की पुणेकराला तयारी जमत नाही, तर ते साफ खोटे आहे. गुरुवारी पाणी बंद, अशी चार ओळींची बातमी वाचली, की बुधवारी रात्री घरातली प्रत्येक बादली, पिंप, कुकर आणि पाहुण्यांचे तांबे-भांडे काठोकाठ भरणारे आपणच आहोत. आपत्काळात माणशी दिवसाला तीन-चार लिटर पाणी लागते असे म्हणतात. आपण एका गुरुवारपायी त्याच्या कित्येक पट भरून शुक्रवारी मोरीत ओततो. तयारी आपल्याला उत्तम जमते. ती फक्त स्वतःच्या उंबऱ्याच्या आत जमते.

त्या रात्री आग विझवली कुणी, हे सांगायचे राहिले. दुसऱ्या मजल्यावर दोन मुले भाड्याने राहतात. बॅचलर नकोत म्हणून त्यांना घर सोडायला सांगणारा ठराव पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर आहे, सहाव्या क्रमांकावर. ती दोघे पायऱ्यांवरून उड्या मारत आली, भिंतीवरून चढून समोरच्या दवाखान्यातले सिलिंडर घेऊन आली, आणि त्यांतल्या एकाने दोन-अडीच मीटरवर उभे राहून पिन काढली, नळी ज्वाळांवर न धरता आगीच्या बुडाशी धरली आणि डावीकडून उजवीकडे पावडर मारली. पंधरा-वीस सेकंदांत सिलिंडर संपले. आग बसली, धूर उरला. हिंजवडीतल्या त्याच्या कंपनीत याची कवायत घेतात म्हणे. आमच्या सोसायटीत कवायत होते ती ध्वजवंदनाच्या वेळी, सावधान-विश्रामची.

अग्निशमन दलाची गाडी वेळेवर आली आणि फाटकात अडकली. फाटकातच, रस्त्याला आडवी, कुणाची तरी पांढरी मोटार उभी होती. जवान खाली उतरून नळ्या खांद्यावर टाकून चालत आत आले, भर पावसात. पाठोपाठ वीज मंडळाचा माणूस आला आणि त्याने बाहेरच्या डीपीवरून वीज तोडली. तोवर वरच्या मजल्यांवरून चौदा-पंधरा मोबाइल खाली रोखलेले होते आणि त्या उजेडात आम्हांला मखराचे वितळलेले खांब अगदी स्पष्ट दिसत होते. ते खांब हलवायला मात्र एकही हात खाली आला नाही.

बस, आता तत्त्वे पुरे. मला खरोखर राग आलेला आहे. तुम्ही आणि मी, आपण सगळे मिळून त्या खोलीत थिनर ठेवला होता. रद्दीच्या गठ्ठ्यांतले दोन माझे होते, जुने दिवाळी अंक, वाचून होतील म्हणून ठेवलेले. सेक्रेटरींना शिव्या देऊन आपली सुटका होत नाही, कारण त्या बिचाऱ्याला सभेत आपणच बसवले, ‘तुम्ही रिटायर्ड आहात, तुम्हीच बघा’ म्हणून. पालिका काय करते, हे विचारायचा आपल्याला पूर्ण हक्क आहे, आणि मी विचारणारही आहे. पण पालिका येऊन तुमचा मेन स्विच शोधून देणार नाही. घरातला गॅस कुठून बंद होतो हे तुमच्या मुलाला माहीत नाही. गॅसचा वास आला की बटणाला हात लावायचा नाही, खिडक्या उघडायच्या, रेग्युलेटर बंद करायचा आणि १९०६ वर फोन करायचा, एवढे सांगायला तुम्हाला वीस वर्षांत दोन मिनिटे मिळाली नाहीत. शेजारच्या घरात एकटी म्हातारी राहते, तिचा रक्तदाब तुम्हाला ठाऊक नाही, पण तिच्या फ्लॅटचा भाव ठाऊक आहे. लाज वाटायला हवी, आणि मला ती वाटते आहे.

नवे सिलिंडर शनिवारी आले. ते कपाटात नाही, भिंतीला टांगलेले आहे, आणि ते कसे वापरायचे हे रविवारी सकाळी दहा वाजता ती दुसऱ्या मजल्यावरची मुले दाखवणार आहेत. सहाव्या क्रमांकाच्या ठरावाला मी विरोध करणार आहे, एकटा पडलो तरी. आणि ज्यांची ती पांढरी मोटार आहे त्यांनी, ती आत्ता या क्षणीही फाटकातच उभी आहे म्हणून सांगतो, हा लेख कसा वाटला ते कळवण्याच्या आधी खाली उतरून ती काढावी.