बिनलग्नाच्या आत्याचा कागदोपत्री पत्ता लागत नाही, हे खरं नाही

वंशावळ तयार करणाऱ्यांमध्ये एक सल्ला सध्या फार फिरतोय. घरात बिनलग्नाची, नोकरी करणारी आत्या होऊन गेली असेल, तर तिच्यामागे वेळ घालवू नका. लग्न नाही, मूल नाही, म्हणजे कागदही नाही. फार तर जनगणनेत नाव मिळेल. या सल्ल्यापायी कित्येक शिक्षिका आणि नर्सबाई घराण्याच्या इतिहासातून गळतात, याचं मला फार वाईट वाटतं.

लग्न नाही म्हणून कागद नाही? खरी पंचाईत लग्न झालेल्या बाईची होते. तिचं आडनाव बदलायचं, वडिलांच्या जागी नवऱ्याचं नाव यायचं, पुष्कळदा स्वतःचं नावही जायचं. आत्याचं नाव मात्र शाळेच्या जनरल रजिस्टरपासून मृत्यूनोंदीपर्यंत तेच राहतं.

त्यात तिची नोकरी. आत्या जिल्हा स्कूल बोर्डाच्या शाळेत शिकवत असेल, तर चौकशी जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागात करा, कारण १९६२ पासून त्या शाळा परिषदांकडे आल्या. सेवापुस्तक हाती लागलं तर पहिल्याच पानावर जन्मतारीख, वडिलांचं नाव, उंची, अंगावरची खूण आणि डाव्या हाताच्या बोटांचे ठसे असतात. पुढे बदल्या, रजा, वेतनवाढी. भविष्यनिर्वाह निधीचं नामनिर्देशन मिळालं तर ते सोडू नका. आपल्या माघारी पैसे कोणाला द्यायचे, हे तिथं तिनं स्वतः ठरवलेलं असतं. अख्ख्या घरात तिला जवळचं कोण वाटत होतं, ते एका ओळीत कळतं. सेवापुस्तक उरलं नसेल, तर ज्या शाळांत ती होती तिथली जुनी हजेरीपत्रकं आणि शेरेबुकं (तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यांच्या शेऱ्यांच्या वह्या) मागा.

मूल नाही म्हणून वारसनोंद नाही, हेही चूक. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानुसार अविवाहित, निपुत्रिक बाई मृत्युपत्र न करता गेली आणि आईवडीलही हयात नसतील, तर मालमत्ता वडिलांच्या वारसांकडे जाते. तिच्या नावावर शेतीचा तुकडा असेल, तर गाव नमुना ६-क, म्हणजे गावच्या महसुली दप्तरातली वारसांची नोंदवही, आणि फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कबदलाची नोंद, यांत भाऊ, बहिणी, भाचे ओळीनं सापडू शकतात.

जनगणनेचा नाद सोडा. १९४८ च्या कायद्यानं घरोघरची माहिती गोपनीय आहे.

मृत्यूनोंद बरेचजण मूळ गावी शोधतात आणि हात हलवत परततात. ती नोंद मृत्यू जिथं झाला तिथल्या ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत होते. आत्या नोकरीच्या गावीच राहिली असेल, तर तिथं जा.

आणि कचेरीत "खासगी माहिती आहे, देता येत नाही" असं सांगितलं, तर माहिती अधिकार कायद्याचं कलम ८(३) अर्जात लिहा. वीस वर्षांहून जुन्या घटनेची माहिती, ठरावीक अपवाद वगळता, त्या कारणानं अडवता येत नाही.