पंधरा किलो, पण डाग एकच!

पुणे-दिल्ली विमानतिकीट चार हजारांत दिसतंय म्हणून लगेच कार्ड काढू नका. दर दाखवणाऱ्या साइटवर पहिलं येतं ते बहुतेक वेळा 'लाइट' भाडं. म्हणजे हातातली सात किलोची बॅग, बास. चेक-इनचं सामान त्यात धरलेलंच नाही. आपला सोलापूरचा माणूस लग्नकार्याला निघाला की सात किलो नुसता आहेर भरतो, त्याला हे भाडं दाखवायचं कशाला?

बरं, साधं भाडं घेतलं तर 15 किलो मिळतात. पण स्वस्तवाल्या विमान कंपन्यांकडे देशातल्या देशात माणशी डाग, म्हणजे सामानाचा नग, एकच! चादरींचा गठ्ठा 8 किलोचा, कडक भाकरी आणि शेंगाचटणीचं खोकं 6 किलोचं. एकूण 14, म्हणजे किलोभर कमीच. तरी दुसऱ्या डागाचे पैसे काढा. वजन जास्त भरलं तर काउंटरवर किलोमागे पाचशेच्या पुढेच. तेच वजन निघण्याआधी ऑनलाइन घेतलं तर स्वस्त. म्हणून घरीच सगळं एका मोठ्या बॅगेत कोंबा आणि काट्यावर ठेवून बघा. सुकं खोबरं मात्र काढून ठेवा, ते विमानात नेता येत नाही.

त्यावर 'कन्व्हिनियन्स फी'. माणशी, आणि तीही प्रत्येक फेरीला. चौघं जाऊन-येऊन म्हणजे आठ वेळा. तिकीट आपणच काढायचं, नाव आपणच टाइप करायचं, आणि सोय झाली म्हणून पैसेही आपणच द्यायचे. तिकीट रद्द केलं तर ही फी बुडाली. वर सोलापूर-पुणे अडीचशे किलोमीटरचं गाडीभाडं वेगळंच.

"मग जेवणखाण भाड्यातच देणारी फुल सर्व्हिस कंपनी घ्या की," असं सांगणारे शहाणे भेटतात. कुठली घेऊ? किंगफिशर 2012 मध्ये बसली, जेट 2019 मध्ये, विस्तारा नोव्हेंबर 2024 मध्ये एअर इंडियात गेली. उरली एक. तिथं जेवण मिळतं हे मान्य, पण स्वस्तातल्या भाड्यात मनासारखी सीट हवी तर पैसे टाका. तिकडे इंडिगोनं 2024 मध्ये बिझनेस क्लास काढला. स्पर्धा कसली डोंबलाची, दोघंही एकमेकांची वही बघून लिहितायत.

विमानांच्या वाटेत येणारी सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी पडली 2023 मध्ये, सोलापूरच्या होटगी रोड विमानतळावरून गोवा आणि मुंबईची विमानं सुरू झाली 2025 मध्ये. आनंद आहे. पण मुंबईहून पुढचं विमान दुसऱ्या कंपनीचं आणि तिकीट वेगळ्या पीएनआरवर (बुकिंग नंबरवर) असलं, तर पहिलं उशिरा आलं म्हणून दुसरी कंपनी तुमच्यासाठी थांबत नाही आणि पैसेही देत नाही. बॅग पट्ट्यावरून उचला, टर्मिनल बदलायचं असेल तर सांताक्रूझ ते सहार गाडीनं जा, पुन्हा रांगेत उभे राहा. काउंटर तासभर आधी बंद. दोन्ही प्रवास एकाच पीएनआरवर मिळत नसतील तर मध्ये निदान चार-पाच तास ठेवा. ते चार-पाच तास कुठल्या साइटच्या दरतुलनेत धरलेत, सांगा बरं?

आणि तिकीट रद्द करताना एजंट "नॉन-रिफंडेबल आहे, काही मिळणार नाही" म्हणाला तर गप्प बसू नका. विमान कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी डीजीसीएचा नियम आहे: ऑफरचं तिकीट असलं, विमान चुकलं असलं, तरी सरकारी कर आणि विमानतळाची यूडीएफ (विमानतळ वापरायची फी) परत द्यावीच लागते. रद्द करायची फीसुद्धा मूळ भाडं अधिक इंधन अधिभार याच्या वर लावता येत नाही. लेखी मागा. तोंडी मागितलं की "सिस्टीममध्ये दिसत नाही" हे उत्तर तयारच असतं.